वर कोण बसलं होतं?

कालपासून शमाल सुटला आहे. दोह्यातल्या अल सद्द भागातल्या आमच्या फ्लॅटच्या खिडक्यांना ओले टॉवेल लावून झाले, तरी पिठासारखी धूळ टेबलावर येऊन बसतेच. मुलगी सुट्टीवर आली आहे. सकाळी ती बैठकीत पाय पसरून नखं रंगवत होती. बाहेर उत्तरेकडच्या त्या वाऱ्याचा एकसुरी, नाकातून निघाल्यासारखा आवाज आणि आत नखांच्या रंगाचा झोंबरा वास, दोन्ही एकदम आले आणि माझे हात जागच्या जागी थांबले. तव्यावरची पोळी करपली.

"आई, समथिंग इज बर्निंग," मुलगी म्हणाली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीतच येतं.

गॅस बंद केला. पण मी स्वयंपाकघरात नव्हतेच. शहराबाहेरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये, ताणून बसवलेल्या कापडासमोर, हातात वीतभर लांबीची सुई घेऊन मी उभी होते. त्या कापडावर चढवायच्या रोगणाला असाच वास यायचा. रोगण वाळलं की कापड आक्रसायचं, ताशाच्या कातड्यासारखं ताठ व्हायचं, आणि बोटाने टिचकी मारली की घुमायचं.

फुटबॉल विश्वचषकाच्या तयारीची ती वर्षं. सगळं शहर उकरून ठेवलेलं. मुशैरिबमध्ये एवढे खोल खड्डे, की त्यांत उभ्या असलेल्या क्रेनची नुसती टोकं रस्त्यावरून दिसायची. काल जिथे उजवीकडे वळलो तिथे आज लाल-पांढरे अडसर. आमचा ड्रायव्हर अंकुश म्हणायचा, "ताई, रस्ते हितं रातच्याला उठून दुसरीकडं निजायला जात्यात." तो बीडकडचा, आष्टी तालुक्यातला. बायको-लेकरं गावी, हा इथे एकटा. जो तो येणाऱ्या पाहुण्यांसाठी काहीतरी उभारत होता, आणि पाहुणे अजून कितीतरी लांब होते. त्या रिकाम्या, तयार होत असलेल्या गावात कधीकधी वाटायचं, आपणही पाहुण्यांसाठी मांडून ठेवलेल्या वस्तूच आहोत.

माझे यजमान सुहास गॅस प्लांटवर. आठवडा आठवडा तिकडेच. मी नाशिकला शिवणाचे वर्ग घ्यायचे. इथे आल्यावर हातांना काम नव्हतं. आणि खरं सांगायचं तर तोंडालाही नव्हतं. बाहेर हिंदी, दुकानात मोडकं इंग्रजी, अरबीतलं 'शुक्रन' आणि 'खलास' एवढंच. घरात मुलगी इंग्रजीत. दुपारी कधी मुद्दाम मोठ्याने काही बोलायचे, तर माझा आवाज मलाच परक्या बाईचा वाटायचा.

अशात कुणीतरी सांगितलं, एका इंग्रज गृहस्थाला मजबूत हातशिलाई करणारं माणूस हवं आहे. तो कॉलिन. सत्तरीतला, उंच, थोडा वाकलेला. अल हिलालमधल्या एका व्हिलात एकटा राहणारा. इथल्या एका हौशी, श्रीमंत माणसाला जुन्या चमत्कारिक विमानांचं प्रदर्शन मांडायचं होतं, विश्वचषकाला येणाऱ्यांसाठी. त्यासाठी कॉलिन एक लाकडी ग्लायडर बांधत होता. दुसऱ्या महायुद्धातल्या, दोन इंजिनं लावलेल्या ग्लायडरची नवी प्रतिकृती.

"ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान ना?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

त्याला तो प्रश्न आवडला. त्याने सांगितलं ते असं. युद्धात मोठमोठी लाकडी ग्लायडरं सैनिकांनी भरायची, दुसऱ्या विमानाला दोराने बांधून न्यायची आणि शत्रूच्या मुलखावर सोडून द्यायची. ती गुपचूप उतरायची. परत येण्यासाठी ती बनवलेलीच नसत. पुढे पूर्वेकडच्या उष्ण देशांत न्यायचा विचार झाला तेव्हा ध्यानात आलं, की तापलेल्या पातळ हवेत ओढणाऱ्या विमानाला हे ओझं उचलवणार नाही. मग ग्लायडरलाच दोन इंजिनं लावून पाहायचे प्रयोग सुरू झाले. कॉलिनचे वडील त्या प्रयोगांत चाचणी वैमानिक होते.

"धड विमान नाही, धड ग्लायडर नाही," कॉलिन म्हणाला. "बाबा त्याला 'अर्धवट' म्हणायचे. प्रेमाने."

पंखांचा मागचा भाग आणि शेपूट कापडाने मढवायची होती. पंख त्याच्या एका कडेवर उभा करून ठेवलेला. अलीकडे मी, पलीकडे दुसरं कुणी. मी सुई आरपार घालायची, पलीकडच्याने ती ओढून घ्यायची आणि बोटभर खाली परत माझ्याकडे पाठवायची. पलीकडचा माणूस दिसत नाही. पांढऱ्या कापडातून नुसतं टोक बाहेर येतं. पलीकडे उभा राहिलेला माणूस म्हणजे अंकुश. मला आणून सोडल्यावर संध्याकाळपर्यंत त्याला काम नसायचं, म्हणून तोच एक दिवस म्हणाला, "द्या हिकडं, मला गोधडी येती शिवायला."

त्या कापडाआडून आम्ही दिवस दिवस बोललो. त्याची धाकटी बोबडं बोलते ते, त्याच्या गावच्या बोअरला लागलेलं पाणी, माझी शिवणाच्या वर्गातली पोरं. घराबाहेर एवढं मराठी मी दोह्यात कधी बोलले नव्हते. चेहरा न बघता बोललं की माणूस खरं बोलतो. त्याला तर माझ्या आवाजावरूनच कळायचं, आज सुहासचा फोन आला की नाही.

शेडमध्ये एक गोष्ट मात्र होती, जिच्याकडे मी पाठ करून बसायचे. कॉकपिट.

ते ग्लायडरच्या पोटाच्या वर होतं, लाकडी शिडीने चढून जायचं. दोन खुर्च्या शेजारी शेजारी, दोन्हींपुढे एकेक दांडा. दोन्ही दांडे आतून एकमेकांना जोडलेले. एक ढकलला की दुसराही पुढे जायचा. तिथून तारा निघून पोटातून थेट शेपटीपर्यंत गेलेल्या. त्यामुळे शेडचं मोठं दार उघडं असलं आणि वाऱ्याने शेपटीच्या फळ्या हलवल्या, की वर, कोणी नसताना, दांडे हलायचे. मला हे सगळं समजावून दिलेलं होतं. तरी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी शिडीच्या वरच्या पायरीवर थिजले. भर सकाळ होती. दांडा सावकाश मागे आला, थांबला, जरासा पुढे गेला. कुणी नीट सावरून बसावं, हाताला काय लागतंय ते अजमावून बघावं, तसा. शेजारचा दांडाही तसाच, त्याच्याबरोबर.

"ह्याच्यात कोन तरी हाय ताई," अंकुश खालून म्हणाला. त्यानेही आधी पाहिलेलं होतं तर.

"वारा आहे, अंकुश."

"वारं तर हायच," तो म्हणाला. "वारं काय कोन न्हाई का?"

कॉलिनला आम्ही सांगितलं. तो हसला नाही. त्याने सगळ्यांना एकत्र बोलावून बजावलं, की हे यंत्र उडण्यासाठी बनलेलं आहे आणि ते त्याला माहीत आहे. इंजिनं नुसती टांगलेली असोत, टाक्या कोरड्या असोत, जोराचा वारा समोरून आला तर हे उठेल. म्हणून बाहेर काढलं की दोर बांधलेलेच हवेत. आणि वर असताना वारा आला, तर दांडा पुढे. नाक खाली. बाकी काही करायचं नाही.

मग तो शुक्रवार आला. प्रदर्शनासाठी एक छोटी फिल्म काढायची होती, म्हणून ग्लायडर शेडबाहेरच्या कडक वाळूवर आणलं. पोटातल्या बाकांवर सैनिक बसलेले दाखवायचे होते. जवळच रस्त्याच्या कामावर असलेली, सुट्टी असलेली माणसं आणली. नेपाळची, बिहारची, आंध्रातली, कुठली कुठली. त्यांना खाकी शर्ट आणि पत्र्याची शिरस्त्राणं दिली. एक माणूस कमी पडला म्हणून अंकुशलाही शर्ट चढवायला लावला.

सकाळची वेळ. दोन दिवस घोंघावणारा शमाल त्या दिवशी पूर्ण पडलेला. हवा पांढरट, क्षितिज नाही, सूर्य म्हणजे नुसता एक उजळ डाग. मी पोटात डोकावले. दोन्ही बाजूंना माणसं गुडघ्यांवर हात ठेवून बसलेली. कुणी बोलत नव्हतं. त्यांना कुणी गप्प बसा म्हटलेलं नव्हतं. ते कपडे अंगावर चढले की आपोआपच तसं होत असावं. सगळे समोरच्या माणसाच्या छातीकडे पाहत होते.

"अंकुश," मी हाक मारली.

त्याने माझ्याकडे पाहिलं. म्हणजे डोळे माझ्याकडे होते. पण ओळख नव्हती. मी पुन्हा हाक मारली नाही.

शूटिंगवाल्या माणसाला दोर नको होते. चित्रात वाईट दिसतात म्हणाला. कॉलिन नाही नाही म्हणत असताना शूटिंगवाल्याच्या माणसांनी ते सोडलेही. "दोन मिनिटं, यल्ला, चला!" शूटिंगवाला ओरडला. कॉलिन चिडून चाकांखाली घालायचे ठोकळे आणायला शेडकडे पळाला. तेवढ्यात कुणीतरी मला म्हणालं, वैमानिकाच्या खुर्चीमागचं अस्तर सुटलंय, दोन टाके घाला. मी सुईदोरा घेऊन शिडीने वर गेले, टाके घालायला डाव्या खुर्चीत बसले. उजवी रिकामी.

आधी उजेड बदलला. पांढऱ्याचा तांबूस झाला. मग कापडावर वाळू आदळायला लागली, सुपात तांदूळ पाखडावेत तसा आवाज. मी मान वर केली तर समोर शेड नव्हती, माणसं नव्हती, काहीच नव्हतं. तपकिरी भिंत होती आणि ती आमच्या अंगावर येत होती. माझ्या समोरचा दांडा झटक्याने मागे, माझ्या पोटाशी आला.

सगळं लाकूड थरथरायला लागलं. चाकं वाळूवर खडखडत होती, खिळा न् खिळा कुरकुरत होता. आणि मग एकदम काहीच नाही.

तो आवाज नसणं मी शब्दांत कसं सांगू? जमीन सुटली की खडखड थांबते, एवढंच त्याचं कारण. पण ती शांतता अशी होती, की जणू कुणीतरी ओठांवर बोट ठेवलं. खुर्ची खालून हलकेच माझ्यावर दाबली गेली. आम्ही वर होतो.

मी दोन्ही हातांनी दांडा पुढे ढकलला. तो जाईना. छाती टेकवली, सगळं अंग घातलं. शेजारचा दांडा, रिकाम्या खुर्चीपुढचा, माझ्याबरोबर इंच इंच पुढे सरकत होता. डोळ्यांच्या कडेला मला तेवढंच दिसत होतं. घशातून आवाज फुटत नव्हता. ओरडायचं सुचलंही नाही. आणि मग दांडा हलका झाला. मी जोर कमी केलेला नव्हता. जड कपाट ढकलताना पलीकडून कुणी हातभार लावला की जसं एकदम सोपं होतं, तसं झालं. दोन्ही दांडे सरळ पुढे गेले आणि तिथेच राहिले.

मग आवाज परत आला. चाकं टेकली, ग्लायडर तिरकं घसरलं, डावा पंख वाळूत घुसून त्याचं टोक मोडलं. कॉलिन आणि इतर माणसं धावत आली, सुटून लोंबणाऱ्या दोरांना लटकली. कुणी म्हणालं हातभर उंच उठलं होतं, कुणी म्हणालं पुरुषभर. कॅमेरा आधीच आडवा झाला होता. त्यात धुळीशिवाय काही नव्हतं.

पोटातली माणसं एकामागून एक बाहेर आली. कोणी पळालं नाही. प्रत्येकाने डोक्यावरचं शिरस्त्राण काढून वाळूवर ठेवलं, एकाशेजारी एक, रांगेत. मग त्यांतला एक नेपाळी माणूस खाली बसला आणि रडायला लागला.

परत येताना व्हॅन अंकुशच चालवत होता. खाकी शर्ट अजून अंगावर होता. काचेवर धूळ, दिवसाढवळ्या दिवे लावलेल्या गाड्या. सिग्नलला थांबल्यावर म्हणाला, "ताई, त्यो कोन व्हता?"

"कोण?"

"वर. ज्यानं बसा मनलं."

मी त्याच्याकडे पाहिलं.

"आमी उठलोच व्हतो ना. समदे. मागल्या दाराकडं पळनारच व्हतो. तर वरून आवाज आला, बसा, हलू नका. तवा समदे बसले, नेपाळी, बिहारी, आंध्रवाले बी. मनलं, वर कोन तरी जानकार बसलाय. मग काय भ्यायचं?"

"वर मी होते, अंकुश. एकटीच."

"तुमी न्हाई. तुमचा आवाज मला कापडाआडून बी वळखू येतो. गडीमानसाचा व्हता."

"कुठल्या भाषेत म्हणाला?"

सिग्नल सुटला. मागचे हॉर्न वाजवायला लागले तरी त्याने गाडी हलवली नाही. खरंच आठवून बघत होता.

"त्ये न्हाई सांगता येत, ताई," तो शेवटी म्हणाला. "कळलं, एवढंच."

दुसऱ्या दिवशी मी कॉलिनकडे अल हिलालला गेले. तो रात्रभर झोपला नसावा. मी दांड्याचं सांगितलं. तो म्हणाला, झोत ओसरला की दांडा हलका होणारच. मग मी अंकुशचं सांगितलं. त्याने चहाचा कप खाली ठेवला.

"ते मागे पळाले असते," तो म्हणाला, "तर शेपटीवर सगळ्यांचं वजन गेलं असतं. नाक वर झालं असतं. मग तू दांड्यावर लोंबकळून काही उपयोग नव्हता. तुम्ही सगळे वर गेला असतात आणि उलटे खाली आला असतात."

मी धीर करून विचारलं, "तुझे बाबा ज्यात होते, त्यात कोणी... म्हणजे त्या विमानांत माणसं मेली होती का?"

"मला माहीत आहे तू काय विचारतेस," तो म्हणाला. "तू सांगत होतीस तेव्हा माझ्याही मनात तेच आलं. पण तसं काही नाही. बाबांच्या ग्लायडरचे प्रयोग पुरे होईपर्यंत युद्ध संपलं. त्यातून सैनिक कधी गेलेच नाहीत. चाचणीला माणसांच्या जागी बाकांवर वाळूची पोती ठेवायचे, माणसाएवढ्या वजनाची. पट्ट्यांनी बांधून. बाबा सांगायचे, उतरल्यावर मागे वळून बघवायचं नाही त्यांना." त्याने खिडकीकडे पाहिलं. बाहेर सगळं पिवळं होतं. "त्यात कोणी मेलं नाही. कोणी बसलंच नव्हतं, वाळूशिवाय."

भूत असतं तर बरं झालं असतं, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. भुताला निदान नाव असतं, मागे काहीतरी घडलेलं असतं.

ते ग्लायडर प्रदर्शनात गेलं नाही. हौशी मालकाला घडलेलं कळलं तेव्हा त्याने एका शब्दात सगळं थांबवलं. मला तो माणूस तेव्हापासून आवडतो. कॉलिन त्याच्या देशात परतला, नाताळला त्याचा दोन ओळींचा निरोप येतो. अंकुश पुढच्या वर्षी कायमचा गावी गेला. आता आष्टीला शाळेच्या मुलांची गाडी चालवतो. दिवाळीला फोन करतो, सगळं विचारतो, तेवढं एक सोडून. विश्वचषक आला, पाहुणे आले. आम्हीही एक सामना बघायला गेलो. गोल झाला तेव्हा सगळं स्टेडियम एका क्षणात उठलं. मी उठले नाही. माझे दोन्ही हात पुढे गेले होते आणि पुढच्या खुर्चीची पाठ मी जिवाच्या आकांताने ढकलत होते. मुलगी घाबरून माझ्याकडे बघत राहिली.

हे सगळं नंतरचं. पण मला विसरता येत नाही तो दिवस मधला आहे. ग्लायडर मोडून पेट्यांत भरायचं होतं, त्याच्या आदल्या दिवशीचा. शमाल संपला होता. हवेत वाऱ्याचा लवलेश नाही, शेडचं दार लावलेलं. मी अंकुशला म्हणाले, "एक बघायचंय मला. तू त्या दिवशी जिथे बसला होतास तिथे जाऊन बस."

तो बसला. मी शिडी चढून वर गेले, डाव्या खुर्चीत. दोन्ही दांडे निश्चल. माझं म्हणणं एवढंच होतं, की भीतीने माणसाला स्वतःचा आवाज कळत नाही. मी ओरडले असेन. माझ्याच घशातून काहीतरी जाड, अनोळखी निघालं असेल, लाकडी पोटात घुमून पुरुषी झालं असेल. तसं असेल तर सगळं मिटलं. मी डोळे मिटले, पोटातून जोर काढला आणि ओरडले, "बसा! हलू नका!"

आवाज खाली पडला, फळ्यांवर आदळला, घुमला. खरंच तो माझा वाटेना. भरडा, जुना, कुणा बाप्याचा वाटावा असा. मला इतकं हलकं वाटलं, की हसूच आलं. मी खाली वाकून विचारलं, "काय? असाच होता?"

"आसाच," अंकुश म्हणाला. "हुबेहूब, ताई. आसाच घुमला व्हता."

"बघ, म्हणजे मीच होते!"

तो बाकावरच बसून होता, गुडघ्यांवर हात ठेवून. वर माझ्याकडे बघत नव्हता. समोरच्या रिकाम्या बाकाकडे बघत होता.

"पन तुमी आत्ता मराठीत बोलल्या," तो म्हणाला.